माडाच्या आळ्यातल्या गोळ्या

आमच्या घरातला कचरा वेगळा करायचं काम मी आपणहून घेतलं, कारण ते करताना कोणाशी बोलावं लागत नाही. बोलावं लागतं ते गाडी आल्यावर. सकाळी जेटीच्या वळणावर घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की माझी धावपळ सुरू होते. लॅपटॉप मिटायचा, ओढणी घ्यायची, ओल्याचा हिरवा डबा एका हातात, सुक्याचा निळा दुसऱ्या हातात, आणि पॅडचं कागदात गुंडाळलेलं, वर लाल खूण केलेलं पुडकं दोन डब्यांच्या मधे, कोणाला दिसणार नाही असं धरायचं. ते सगळ्यांना दिसतं.

शेजारच्या काकूंना तर डब्याचा तळही दिसतो. त्या फाटकाला टेकून उभ्या असतात आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात काल काय शिजलं हे त्यांना गाडी पुढे जायच्या आत कळलेलं असतं.

"काय गो, तुमच्या डब्यात कधी काटा न्हाय दिसत. बारा महिने उपास हाय का?"

मी नुसती हसते. काट्याचं उत्तर आमच्या मागच्या दारी आहे. तिथे न्हाणीच्या बाजूला एक माड आहे आणि आईच्या मते घरातलं जे काही कुजतं त्यावर पहिला हक्क त्याचा. मासळी धुतलेलं पाणी, खवले, कोळंबीची टरफलं, चिंबोरीच्या नांग्या, सगळं त्याच्या आळ्यात. घंटागाडीला मिळतात फक्त माडाने नाकारलेल्या वस्तू, म्हणजे कांद्याची सालं आणि चहाचा चोथा.

गेल्या वर्षी आई जेटीच्या पायऱ्यांवर घेरी येऊन बसली. पडली नाही, बसली, असं ती अजून सांगते. ती खाडीपलीकडे एका शाळेत क्लार्क आहे. रोज आगरदांड्याहून बोटीने दिघीला आणि तिथून पुढे रिक्षाने. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी लावून दिली, रोज सकाळी एक, चुकवायची नाही. बाबा रोह्याला कंपनीत, शनिवारी घरी येणार, रविवारी जाणार. त्यामुळे लक्ष ठेवायला मीच. आणि मला 'आई, गोळी घेतलीस का' असं रोज विचारायला जमत नाही. तिलाही ते आवडत नाही. म्हणून मी डबा बघत असे. निळ्या डब्यात गोळ्यांची रिकामी स्ट्रिप आली की माझं समाधान. ती नेहमी अगदी वर असायची, दुधाच्या पिशव्यांच्याही वर. मला वाटायचं, योगायोग.

या वर्षी माझ्या ऑफिसने, घरून काम पुरे म्हणून, पुण्याला बोलावलं. गणपती झाले की जायचं ठरलं. तेव्हापासून मी त्या स्ट्रिपकडे जास्तच बघायला लागले. आईच्या पावलांवर सूज दिसायची. चपलेचे पट्टे संध्याकाळी कातडीत रुतलेले असायचे. मान दुखते म्हणून ती उशी बदलून बघायची. मी रात्री नकाशावर आमच्या घरापासून सरकारी दवाखान्यापर्यंतचं अंतर बघायचे, जणू ते कधी कमी होणार होतं.

एका सकाळी मी कोळंबीची टरफलं टाकायला माडाकडे गेले. काकूंची कोंबडी आळं उकरत होती. तिला हाकललं तर ओल्या मातीत फिकट गुलाबी ठिपके दिसले. आधी वाटलं कोळंबीच्याच कवचाचे तुकडे. वाकून बघितलं. काही विरघळून पिठासारख्या झालेल्या, काही अजून अख्ख्या. गोळ्या.

सुक्या डब्यात टाकल्या असत्या तर मला दिसल्या असत्या. ओल्यातही. आईने घरातली एकच जागा निवडली होती जिथे मी काही शोधत नाही. आणि वर रिकामी स्ट्रिप माझ्यासाठी मांडून ठेवत होती, कारण मी बघते हे तिला ठाऊक होतं. कोंबडीचा विचार मात्र तिने केला नव्हता.

पुढचे काही दिवस मीटिंगमध्ये लोक माझं नाव घ्यायचे आणि मी 'सॉरी, पुन्हा सांगाल का' म्हणायचे. रागवायचं झालं तर मला शब्द इंग्रजीत सुचतात. सगळी शाळा त्या भाषेत गेली. पण आईशी इंग्रजीत बोलणं म्हणजे तिला कमी लेखल्यासारखं वाटतं, आणि मराठीत माझा राग चार शब्दांत संपतो. मग मी एवढंच केलं. आळ्यातल्या अख्ख्या गोळ्या वेचल्या, धुतल्या, कागदाच्या तुकड्यावर ठेवल्या आणि तो कागद निळ्या डब्यात, अगदी वर, ती ठेवायची त्याच जागी ठेवला.

संध्याकाळी आईने डब्याचं झाकण उघडलं. आत बघितलं. झाकण लावलं आणि मला विचारलं, "भाकरी टाकू की पोळ्या?"

"भाकरी," मी म्हटलं.

पुढची स्ट्रिप डब्यात आली ती अर्धी भरलेली. ती आता लपवत नव्हती, इतकंच. माझ्या कागदाला तिचं ते उत्तर होतं. मला ती स्ट्रिप बाहेर काढायला हवी होती. पण गाडीचं गाणं जवळ आलं होतं आणि माझे हात नेहमीसारखे भरलेले होते.

गाडीवरच्या दादांनी डबा ओतला आणि ती स्ट्रिप दोन बोटांत उचलली. "ताई, गोळ्या अशा नाय टाकायच्या. घ्या परत."

काकू फाटकावरून पुढे झुकल्या. "कोनाच्या गोळ्या? तुझ्या? बरं न्हाय का तुला? लग्नाआधीच गोळ्या कसल्या गो?"

गल्लीतली सगळी फाटकं उघडी होती. आई पर्स खांद्याला लावून बोटीसाठी निघाली होती, ती पायरीवरच थांबली. मला वाटलं ती तशीच निघून जाईल.

"माझ्या आहेत," आई म्हणाली. "प्रेशरच्या. मी घेत नाही त्या."

एवढं स्पष्ट तिने मला कधी सांगितलं नव्हतं, ते तिने घंटागाडीला सांगितलं. दादांनी मान खाली घातली आणि स्ट्रिप माझ्या हातात दिली. काकू फाटक सोडून आत गेल्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मी डबे तिथेच टाकून आईच्या मागे जेटीकडे निघाले. घरातल्या स्लिपर होत्या पायात. तिला गाठून मी म्हटलं, "का?"

"त्या गोळीने सारखं जावं लागतं गं. बोटीत कुठे जाऊ, खाडीत?"

"आणि शाळेत?"

"शाळेत एकच आहे. त्याची चावी शिपायाकडे. तो बसतो मास्तर लोकांत चहा पीत. त्यांच्यासमोर दर तासाला जाऊन मागायची? आधी पाणी कमी केलं. मग म्हटलं, गोळीच नको. रविवारी घेते ना."

"रविवारी घेऊन काय होतं, आई?"

"ओरडू नकोस रस्त्यात."

मी ओरडले नव्हते. पण आवाज माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा होता हे खरं. मी म्हटलं, मी पुण्याला जात नाही. ती म्हणाली, मग मी तुला घरात घेत नाही. बोट लागली होती. ती चढली, नेहमीच्या बाजूला उभी राहिली आणि मागे वळून माझ्या स्लिपरकडे बघून हसली.

शनिवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आईने सगळं जमिनीकडे बघत सांगितलं आणि 'सारखं जावं लागतं' इथे आली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला की ते वाक्य मलाच पुन्हा म्हणावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "मग आधी सांगायचं ना, वेगळी गोळी आहे." त्यांनी ती लिहून दिली. पाणी मात्र प्यायचंच, असं बजावलं. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "इतकं सोपं होतं होय." तिला त्याचाच जास्त राग आला होता.

नवी स्ट्रिप सुरू झाली तरी मी रोज आळं बघत होते. काडीने माती बाजूला करायची, पुन्हा सारखी करायची. एकदा आई मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"बघ, बघ. माडाचं प्रेशर एव्हाना उतरलं असेल."

मला हसू आलं, पण काडी मी खाली ठेवली नाही. रिकामी स्ट्रिप कशी करतात ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. पुण्यात ती मला स्ट्रिपचा फोटो पाठवेल आणि मी तो मोठा करून बघत बसेन. त्यातून मला काहीही कळणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी डबे कसे भरायचे ते तिला सांगत होते. दुधाची पिशवी धुऊन, कोपरा पूर्ण न कापता. काच वेगळी, कागदात. तिने ऐकून घेतलं आणि पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून फडताळ उघडायला घेतला. जुडग्यात घराची चावी, फडताळाची, आणि एक नवी, पितळेची, अजून चकचकीत.

"ही कुठली?"

"शाळेतली. करून घेतली. हेडमास्तरांना म्हटलं, मला एक वेगळी हवी."

"कशाची म्हणालीस त्यांना?"

"संडासाची. अजून कशाची असते?"

हेडमास्तरांच्या केबिनमध्ये उभी राहून हा शब्द उच्चारणारी आई मी डोळ्यांसमोर आणून बघितली. मला जमलं नसतं. ती चावी मी हातात घेऊन उलटसुलट केली. दात्यांवर घासल्याच्या बारीक खुणा पडल्या होत्या. म्हणजे ती वापरात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग दाराशी लावून मी पुन्हा मागच्या दारी गेले. आळ्यात काल रात्रीचे बोंबलांचे काटे होते, कोंबडी होती. काडी घेतली, मग ठेवली, मग परत घेतली. तेवढ्यात वळणावर गाणं वाजलं आणि आतून आईचा आवाज आला, "तू नको येऊ, डबे मी घेते."