गरिबाचा फ्लॅश

कुणी हौसेसाठी कॅमेरा घेतं, कुणी पोटासाठी. मी सूड घ्यायला घेतला. कॅमेरा सेकंडहँड, सूड मात्र कोरा करकरीत.

माझं लग्न घाटनांदूरला झालं, बायकोच्या माहेरी. आमच्याकडून फोटोग्राफर आणलेला माजलगावचा, भर चौकात स्टुडिओ असलेला. गळ्यात तोफेएवढा कॅमेरा, त्यावर असा फ्लॅश की तो चमकला की मांडवातल्या म्हाताऱ्या वीज पडली म्हणून नातवंडांना पदराखाली घ्यायच्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत त्यानं मला त्या उजेडात भाजून काढलं. पुढं अल्बम आला, दोघांनी उचलावा एवढा जड. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझे डोळे मिटलेले! हार घालताना मिटलेले, मंगळसूत्र बांधताना मिटलेले. बायकोला जिलेबीचा घास भरवतोय, तर डोळे मिटलेले आणि जिलेबी तिच्या कानाकडं निघालेली.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जावईबापू लई दमले व्हते वाटतं."

गावानं एवढीही दया दाखवली नाही. भर दुपारी सायकलवरून चाललो तरी लोक हाक मारायचे, "उठलास का बे?"

अल्बम डोक्यावर घेऊन मी स्टुडिओत गेलो. बाकड्यावर गिऱ्हाइकं बसलेली. म्हणालो, "मालक, एक तरी उघड्या डोळ्यांचा फोटो द्या."

त्यानं सावकाश चहाचा घोट घेतला. "कॅमेऱ्याचा दोष न्हाई बे. चेहऱ्याचा हाय."

गिऱ्हाइकं अशी हसली की तो आवाज माजलगावच्या धरणाच्या भिंतीवर आदळून परत आला आणि मला दुसऱ्यांदा ऐकावा लागला. स्टुडिओच्या पायरीवरच ठरवलं, याच्याच धंद्यात उतरायचं आणि हे वाक्य याच्याच घशात घालायचं.

दोन बोकडं विकली. बायकोनं अडवलं नाही. तिलाही भिंतीवर लावायला लग्नाचा फोटो नव्हता. "आवं, पन बोकडात कॅमेरा बसतो का?" एवढंच विचारलं.

संभाजीनगरला जुने कॅमेरे विकणारे एक चाचा होते. बोकडांचे पैसे म्हणून नोटा पुढं ठेवल्या आणि म्हणालो, "माजलगाववाल्यापेक्षा मोठा द्या."

"मग बोकडबी मोठा आणायचा व्हता," चाचा म्हणाले. "ऐक. कॅमेऱ्याची बॉडी जुनीच घे. नवरीचा बाप बॉडीचं वय विचारत न्हाई. पैसा लेन्सवर घाल." आणि त्यांनी मुठीत मावेल अशी पन्नास एमएमची प्लास्टिकची लेन्स काढली. "ही अंधाऱ्या कार्यालयातबी उजेड ओढती. झूम न्हाई हिला. पण पाय हायत ना तुला? पुढं सरकायचं."

राहिला फ्लॅश. मला त्याच्यासारखाच ऑटोमॅटिक हवा होता. चाचांनी तसलाच एक फ्लॅश लावून माझा फोटो काढला. डोळे मिटलेले. पुन्हा काढला. मिटलेले. मग फडताळातून एक धुळकट, स्वस्तातला फ्लॅश काढून लावला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी घुबडासारखा टक्क जागा!

"महागडा आधी एक बारीक चमक मारतो, उजेड मोजायला," चाचा म्हणाले. "लगेच खरी मारतो. आपल्याला दोन्ही एकच वाटतात. पण ज्याची पापणी चपळ, तो पहिलीला मिटतो आन् दुसरीला सापडतो. ह्यो गरिबाचा फ्लॅश मोजत बसत न्हाई. एकदाच मारतो. किती मारायचा ते तू हातानं ठरव."

म्हणजे दोष चेहऱ्याचा नव्हताच! उलट माझ्या पापणीइतकी चपळ पापणी मराठवाड्यात दुसरी नव्हती. हे तसंच माजलगावला जाऊन ओरडावं असं वाटलं. चाचांनी मनगट धरलं. "आता बोललास तर नुसतं भांडण हुईल. खिशात ठेव. वेळ येती."

तो फ्लॅश आणि ते गुपित घेऊन मी धंद्यात उतरलो. माझ्या फोटोत पंगतीत पेंगणारे मामासुद्धा निवडणुकीला उभे असल्यासारखे ताजे दिसायचे. कामं वाढली. आणि एक दिवस वेळ आली. स्टुडिओवाल्याच्या मुलाचं लग्न! एव्हाना आमच्याकडं दोन्ही बाजू आपापला वेगळा फोटोग्राफर आणायला लागल्या होत्या. नवरीकडच्यांनी मला बोलावलं. मी फुकटही गेलो असतो, पण ते त्यांना कशाला सांगा?

जन्मभर कॅमेऱ्यामागं राहिलेला हा माणूस वरबाप होऊन पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढं आला. त्याचीच माणसं त्याचीच तोफ घेऊन त्याचे फोटो काढत होती. मीही टपलो होतो. मिटलेल्या डोळ्यांचा, वाकड्या तोंडाचा एक फोटो मिळाला असता तर चौकात फ्लेक्स लावला असता. पण कसलं काय! माझा फ्लॅश चमकला की वरबाप टक्क जागा. सूड घ्यायला आणलेलं हत्यार वैऱ्याची चाकरी करत होतं. त्या दिवशी मी त्या फ्लॅशला दिलेल्या शिव्या ऐकून भटजी दोनदा मंगलाष्टक चुकले.

पुढं काही आठवड्यांनी तो माझ्या दारात आला. काखेत अल्बम. मी उघडला. व्याह्यांच्या गळाभेटीत वरबाप त्यांच्या खांद्यावर झोपलेला. सुनेला आशीर्वाद देताना झोपलेला. पानोपानी झोपलेला! त्याचीही पापणी चपळ निघाली होती.

"नवरीकडच्या अल्बमात माझे डोळे उघडे हायत म्हणं," तो खाली बघत म्हणाला. "तेवढे फोटो मिळाले असते तर..."

मी बायकोला चहा टाकायला सांगितला. चहा आला. सावकाश घोट घेतला. ते वाक्य मी इतकी वर्षं खडीसाखरेसारखं जिभेखाली धरलं होतं.

"मालक, कॅमेऱ्याचा दोष न्हाई. चेहऱ्याचा हाय."

त्यानं भरला कप तसाच खाली ठेवला. आठवलं होतं त्याला. मी फोटो देणारच नव्हतो, पण आतून बायको म्हणाली, "द्या की. पन आदी त्यांच्या दुकानाच्या काचंत आपला जोडीचा फोटो लागू द्या."

ही बाई माझ्यापेक्षा खुनशी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही स्टुडिओत गेलो. तिनं लग्नातला शालू नेसलेला, मी फेटा बांधलेला. बाकडं गिऱ्हाइकांनी भरलेलं. त्याच्या तोफेवर माझा गरिबाचा फ्लॅश.

"हसा, दादा," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

मी मुद्दाम डोळे मिटले.

"दादा, जरा डोळे..."

पुन्हा मिटले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. बाकड्यावर कुणीतरी खुदकन हसलं. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, "आवं, पुरं की आता."

"गप," मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणालो. "ही नुसती हळद झाली. पाठवणी अजून लई लांब हाय."