रांगेत बसणारं मिश्रण

शकू म्हात्रे अकरा वर्षं काचा पुसत होती. रोह्याहून निडीकडे जाताना तीन खोल्यांची एक प्रयोगशाळा आहे. तिथे द्रव स्फटिकांची मिश्रणं बनतात. हा पदार्थ तेलासारखा वाहतो, पण त्याचे रेणू एका दिशेला तोंड करून राहू शकतात. डिजिटल घड्याळाच्या आकड्यांमागे तोच असतो. एकच प्रकार ठेवला तर गोठतो, दोनतीन प्रकार मिसळले की वाहता राहतो. कोणतं मिश्रण किती अंशाला गोठतं, किती अंशाला निवळतं, हे मालक सुशील सर मोजत. त्यासाठी थेंबभर मिश्रण दोन काचांमध्ये दाबावं लागे. त्या काचा शकूच्या हातच्या.

तिचं माहेर धरमतरच्या खाडीवरचं, मिठागरातलं. तिथे मीठ लाकडी फळीनं ओढतात, आपल्याकडे, एकाच दिशेनं. फळी उलटी ढकलली की तळाचा चिखल मिठात येतो. शकू काचाही तशाच पुसायची. जुन्या लुगड्याचा तुकडा, दाबून, स्वतःकडे.

सरांच्या मिश्रणाचा एक गुण सगळीकडे सांगितला जाई. मायक्रोस्कोपखाली त्याचे सगळे रेणू आपोआप रांगेत बसत. तबकडी फिरवली की अख्खा थेंब एकदम काळा, पुन्हा फिरवली की एकदम उजळ. "दुसऱ्यांच्या मिश्रणाला शिस्त लावावी लागते, माझं जन्मतःच शिस्तीचं," सर पाहुण्यांना सांगत. त्यावर त्यांना एक ढालही मिळाली होती.

मार्चमध्ये काचा धुणारं मशीन आलं.

"शकूबाई, आता आराम करा," सर म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा दिला. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात एका खोलीत एकटी राहणाऱ्या बाईनं आराम कशावर करायचा, ते पुड्यात नव्हतं.

मशीनच्या काचांवर मिश्रण बिघडलं. नुसते रंगीत डाग. सरांनी पाण्याला दोष दिला, मग कंपन्यांच्या धुराला, मग त्यांच्या हाताखाली मापं घेणाऱ्या प्रतिक्षाला. तिसऱ्या आठवड्यात प्रतिक्षाला खणात शकूनं पुसलेल्या सहा काचा सापडल्या. त्यांवर मिश्रण सरळ बसलं. ती तडक अष्टमीला गेली.

"मावशी, काचांना काय लावायचात?"

"काय लावनार गो? फडका. काय चोरीला गेला काय?"

"नाही हो. नुसतं पुसून दाखवा."

शकूनं आरसा काढून पुसून दाखवला. प्रतिक्षा बघत राहिली.

"एकाच बाजूनं घासलं की काचेला दिशा येते, मावशी. रेणू त्या दिशेनं आडवे होतात. हे पुस्तकात आहे, कधीचं. सरांच्या मिश्रणात काहीच नव्हतं."

"म्हंजी मीच करत होते?"

"तुम्हीच."

प्रतिक्षानं सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांनी शकूला बोलावलं. ती काचा पुसतानाचा व्हिडिओ काढायचा होता. कशासाठी ते शकूला कळलं. मशीनला शिकवायचं होतं. रिक्षात तिनं ठरवलं, उलटसुलट पुसायचं. खराब होऊ देत. येतील मग पाय धरायला.

काच हातात आली आणि हात सरळ स्वतःकडे आला. एकदा, दहादा. अकराव्या काचेला तिनं दात आवळून हात उलटा ढकलला. मग तीच काच तिनं बाजूला सारली.

"ही नका घेऊ, सर. ही बाद झाली."

"का?"

"उलटा हात लागला."

प्रतिक्षानं मान खाली घातली. सरांनी वहीत लिहून घेतलं.

"मंग मी उद्यापास्नं येऊ?" शकूनं दारात विचारलं.

"कळवतो ना."

मशीनला मखमलीचा रूळ बसला. तो एकाच दिशेनं फिरतो. सरांचा नवा लेख छापून आला. उलट घासली गेलेली काच बाद धरावी, असं त्यात एक वाक्य आहे. शकू आता लग्नाच्या हॉलात भांडी घासते. फोन ब्लाउजमध्ये ठेवते, ओल्या हातानं काढून बघते, पुन्हा ठेवते.