मुकुंददादाच्या मॅकची पाठ

फोनवर मुकुंददादाचं नाव चमकलं तेव्हा मी दाढी करत होतो. रविवारची सकाळ, अर्ध्या गालावर फेस. फोन स्पीकरवर टाकला आणि नेहमीच्या थाटात सुरू झालो, "बोला गुरुमहाराज! शिष्य दहाला हजर होतोय. पेनड्राइव्ह माझा, जिलबी तुमची. आणि माझ्या मॅकने काल पुन्हा प्रिंटरला ओळख दाखवली नाही, त्याला काय शिक्षा द्यायची ते ठरवून ठेवा..." चांगलं अर्धं मिनिट मी बोलत राहिलो. पलीकडे कोणी हसेना. मग शैलावहिनींचा आवाज आला, अगदी सपाट. "भावजी... हे गेले. पहाटेच. तुम्ही या." नवरा गेल्याच्या पहिल्या दोन-तीन तासांत एका बाईकडे जिलबी मागणारा मी बुंदेलखंडातला बहुधा एकमेव इसम असेन. तोंड धुतलं, शर्ट चढवला आणि अर्धी दाढी तशीच घेऊन निघालो. स्मशानातही तसाच उभा होतो. लोकांना वाटलं, दुःखानं भान सुटलंय. सुटलं होतंच, पण ते गालावर फेस असताना सुटलं होतं, इतकंच.

मुकुंददादा माझा नात्यानं कोणी नव्हे. त्याचे पूर्वज केव्हातरी पौरोहित्यासाठी झाशीत आले आणि इथलेच झाले. माझे वडील साताऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आले आणि आम्ही 'बाहेरचे' राहिलो. त्याच्या मराठीत कपाटाला फडताळ म्हणायचे आणि होकाराला बुंदेलीतलं 'हओ'. "चहा घेणार?" "हओ." "थकलास का?" "हओ." आमची गाठ पडली ती मराठी मंडळामुळे. इथं मराठी माणसं मोजकी, त्यामुळे मंडळात शिरलं की काहीतरी पद पदरात पडतंच. माझ्या पदरात गणेशोत्सवाच्या वार्षिक अंकाचं संपादन पडलं आणि अंक छापायला मी मानिक चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका प्रेसमध्ये गेलो. तिथं मुकुंददादा पानं लावायचं काम करायचा. त्याच्यासमोर मी आयुष्यातला पहिला मॅक पाहिला. आमच्या ऑफिसात तेव्हा नुकतंच विंडोज आलं होतं आणि मला त्याचा, पहिली स्कूटर घेणाऱ्याला असतो तसला, अभिमान होता. मी सहज म्हणालो, "आमच्याकडे याच्यापेक्षा मोठा आहे." त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मोठा तर टेम्पोही असतो, शिरू."

तिथून जे भांडण सुरू झालं ते पंचवीस-सव्वीस वर्षं चाललं. त्याचं म्हणणं, मॅक सोवळ्यातला. व्हायरस नाही, मधेच निळा पडदा टाकून मरणं नाही, पडद्यावर जो शेंदरी दिसेल तोच शेंदरी कागदावर उतरणार. "तुझं विंडोज म्हणजे धर्मशाळा आहे. कोणीही यावं, पथारी टाकावी, जाताना चादर घेऊन जावं." माझं म्हणणं, विंडोज गरिबाचं आहे. बिघडलं तर सीपरी बाजारात कोणत्याही दुकानात दुरुस्त होतं, कोणताही प्रिंटर जोडा, चालतो, आणि मुख्य म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची फाइलही उघडून देतं. "आणि तुझा मॅक म्हणजे छावणीतला बंगला. झाडी आहे, शांतता आहे... पण आत जायला पास लागतो, आणि पास एकदा रद्द झाला की तुझं सामान आत आणि तू बाहेर." मंडळात एक जण अधूनमधून लिनक्सचं नाव काढायचा. फुकट आहे, आपल्याला हवं तसं करता येतं, वगैरे. त्याला मात्र आम्ही दोघं मिळून गप्प बसवायचो. बाहेरचा माणूस घरच्या भांडणात कशाला?

पुढे प्रेस बंद झाली. मुकुंददादाचा मुलगा निखिल परदेशी गेला आणि सात-आठ वर्षांपूर्वी एका दिवाळीला वडिलांसाठी भला मोठा मॅक घेऊन आला. पातळ, चकचकीत, पाठीवर ते उष्टं फळ. आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रेसमध्ये ज्या यंत्राची सेवा केली ते आता स्वतःच्या घरात! मुकुंददादानं त्याला हळद-कुंकू वाहिलं. मी म्हणालो, "नवी नवरी सांभाळ." तर म्हणाला, "तू जळतोस." हओ, जळत होतोच.

आणि मग तीन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपनं माझं नाक कापलं. गणपती चार दिवसांवर आलेले, अंकाचा सगळा मजकूर आत, आणि कुठूनतरी आलेल्या व्हायरसनं एकूण एक फाइल गिळली. सुदैवानं निम्मा मजकूर मी आधी मुकुंददादाला मेल केला होता. उरलेला त्यानं लेखकांच्या हस्तलिखितांवरून एका रात्रीत पुन्हा टाइप केला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत त्यानं छापलेलं पान वर धरलं. जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधली फाइल, जुनाच फॉन्ट, आणि एकही काना इकडचा तिकडे नाही. "बघून घ्या! हे मॅकवर उघडलंय. जसंच्या तसं. आणि हे आमचे विंडोजवाले..." सगळे हसले. मी उभा राहिलो आणि भर सभेत सांगितलं, "मुकुंददादा, तू जिंकलास." टाळ्या पडल्या. बायकोची केरळची सहल पुढे ढकलून मी मॅक घेतला. तीन वर्षं ती पुढेच ढकलली जाते आहे.

घरी आणून मंडळाची जुनी फाइल उघडली तर पडद्यावर त्रिकोण, चौकोन आणि कोळ्याची जाळी. मुकुंददादाला फोन केला. म्हणाला, फॉन्ट काढून पुन्हा टाक. टाकला. म्हणाला, बंद करून चालू कर. केला. म्हणाला, तुझ्या हाताला अजून वळण नाही. ते मात्र मला पटलं. किती संध्याकाळी मी त्या यंत्रासमोर, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा बसलो असेन! शेवटी तोच म्हणाला, "पेनड्राइव्ह घेऊन रविवारी येत जा. मी करून देतो." पेनड्राइव्ह हरवू नये म्हणून त्यानं त्याला पूजेतला लाल दोरा, इथला कलावा, बांधून दिला. मंडळात विषय निघाला की तो म्हणायचा, "शिरूला अजून मॅकची लिपी लागायची आहे." सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. यंत्राच्या बाबतीत आपण ढ आहोत हे मी इतक्या घरांत इतक्या वेळा रंगवून सांगितलं की ऑफिसातसुद्धा लोक मला विचारायचे बंद झाले.

रविवारची आमची व्यवस्था ठरलेली. खोलीच्या मधोमध टेबल, त्यावर मॅक. मुकुंददादा पडद्यासमोर, मी पलीकडच्या खुर्चीत, कूलरच्या ऐन झोतात. मला दिसायची ती यंत्राची पाठ, त्यावरचं फळ आणि फळाच्या वर मुकुंददादाचा चष्मा. सुरुवातीला एकदा मी उठून पाहायला निघालो तर त्यानं हात वर केला. "तिथंच बैस. तुझी नजर लागते त्याला." मी बसलो. झाशीच्या मे महिन्यात कूलरसमोरची खुर्ची सोडायला माणसाला याहून मोठं कारण लागतं. शैलावहिनी जिलबी आणून ठेवायच्या, त्याची बोटं चालायची, तासाभरात प्रिंटरमधून पानं यायची, स्वच्छ, काना-मात्रेसकट. मी म्हणायचो, "जादू आहे." तो म्हणायचा, "साधना आहे."

शेवटचा रविवारही असाच गेला. फक्त निघायच्या आधी, पानं माझ्या हातात दिल्यावर, तो म्हणाला, "शिरू, जरा या बाजूला येऊन बस. एक दाखवायचंय." माझ्या एका हातात पानं, दुसऱ्यात शेवटची जिलबी, पाठीला गार वारा. मी म्हणालो, "आता पुढच्या रविवारी रे." "हओ," म्हणाला.

तेरावा झाला, निखिल परत गेला. दोनेक आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं. निखिलला मॅकमधले वडिलांचे फोटो हवे होते आणि मंडळाच्या यंदाच्या अंकाचा मजकूरही त्यातच अडकलेला. मी गेलो, सवयीनं कूलरसमोरच्या खुर्चीत बसलो, मग लक्षात आलं की आज पलीकडून कोणी काही करून देणार नाहीये. उठून मुकुंददादाच्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच. बटण दाबलं आणि ते फळ उगवायची वाट पाहू लागलो. फळ आलं नाही. निळ्या चार चौकोनांची खिडकी आली. विंडोज. माझं विंडोज, खालच्या पट्टीसकट, कोपऱ्यातल्या घड्याळासकट. एखाद्याचं देवघर उघडावं आणि आत आपल्याच घरचे, चोरीला गेलेले देव बसलेले दिसावेत, तसं मला झालं.

"वहिनी, हे काय आहे?"

"का? बिघडलंय का?" त्या हात पुसत आल्या. "हे नेहमी असंच यायचं."

"नेहमी म्हणजे कधीपासून?"

"निखिल दिवाळी करून गेला ना, त्यानंतर लगेचच. सीपरीतले ते कंप्यूटरवाले भाईसाहब येऊन टाकून गेले." मग त्या स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. नवा मॅक आला, पण प्रेसमधल्या जुन्या फाइली तो वाचेना. ज्या कीबोर्डवर पंचवीस वर्षं बोटं चालली ती मांडणी त्यात सापडेना. पंधरा दिवस मुकुंददादा एका बोटानं टाइप करत बसायचा. "एक दिवस मला म्हणाले, शैला, हा माझ्या बोटांना ओळखत नाही गं. डोळ्यांत पाणी होतं हो. मग त्या भाईसाहबांनी सांगितलं की याच डब्यात विंडोजही बसतं. पण निखिलला सांगायचं नाही म्हणाले. पोरानं इतक्या हौसेनं आणलंय."

"आणि मला?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. "तुम्हाला तर मुळीच नाही, असं म्हणाले होते."

वाचकहो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा रिवाज आहे, आणि मी वहिनींना विचारूनच हे लिहितो आहे. (निखिल मराठी पुरवणी उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.) तो मुलाशी खोटं बोलला ते मला समजतं. यंत्रानं त्याला दगा दिला, तेही समजतं. बंगल्याचा पास रद्द झाला होता आणि त्याचं सामान आत राहिलं होतं. पण मी? मी पंचवीस वर्षं जे घसा फोडून सांगत होतो तेच खरं निघालं, ते त्याला माझ्या आधी कळलं, आणि त्यानं सभेत पान वर धरलं. ते पान विंडोजवर उघडलेलं होतं. त्याच पानावर भुलून मी त्याच्या पंथात गेलो, आणि तो तेव्हाच माझ्या पंथात येऊन चार-पाच वर्षं झाली होती! आणि माझ्या नव्या मॅकवर विंडोज तसं बसतही नाही, हेही मला त्याच भाईसाहबांनी परवा सांगितलं. म्हणजे फॉन्ट काढ, फॉन्ट टाक हे सांगताना त्याला ठाऊक होतं की काही होणार नाही. तरी तो मला ढ म्हणत राहिला, आणि मी हसत राहिलो. इतरांचं सोडा... निदान माझ्याशी तरी त्यानं सरळ भांडायचं होतं. भांडणासाठी तर मी होतो.

फोटो शोधत असताना निखिलचा व्हिडिओ कॉल आला. "काका, मिल गया सब?" मग मराठीत, सांभाळून सांभाळून, "काका, बाबांना तो मॅक आवडला होता ना? फोनवर रोज सांगायचे." मी त्याच्या वडिलांच्या खुर्चीत बसलो होतो, समोर निळी खिडकी.

"हओ," मी म्हणालो. "फार."

फोटो पेनड्राइव्हवर घेतले. लाल कलावा आता मळून तपकिरी झालाय. उठण्याआधी सहज वर पाहिलं. त्या खुर्चीतून पडद्याच्या वरच्या कडेपलीकडे कूलर दिसतो, आणि त्याच्या झोतातली रिकामी खुर्ची. इतकी नेमकी समोर, की तिथं बसलेल्या माणसाचं तोंड सोडून दुसरं काही दिसणारच नाही.

घरी येऊन मी बायकोसमोर सगळं ओकलो. सभा, पान, फॉन्ट, तीन वर्षांचे रविवार, केरळ. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "तीन वर्षं! दर रविवारी! माझ्यापासून तीन हातांवर बसून यानं मला फसवलं!"

तिनं हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली, तो ढिगावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तीन हातांवर," ती म्हणाली, "आणि तुम्ही एकदाही उठून पलीकडे गेला नाहीत?"