माझा नंबर पाठ असलेला भाडेकरू

पोर्तुगालमधल्या सेतुबाल गावातल्या माझ्या छोट्या घरात एव्हारिस्तो बावीस वर्षं भाड्याने राहिला. गोदीतला निवृत्त वेल्डर, तोंडाचा फटकळ. घरात काही बिघडलं की सामान तो आणायचा, पैसे मी द्यायचे.

पहिल्याच वर्षी एक नळ मी स्वतः आणला. त्याचं बिल बघून तो म्हणाला, "बाई, यावर तुमचा कर-नंबर कुठाय?"

दुकानात मागे रांग लागलेली, त्यात नऊ आकडे कोण सांगत बसणार? मी आपली "राहू दे" म्हणून मोकळी झाले होते.

"राहू दे काय? बिलावर नंबर नसला तर कर लावताना दुरुस्तीचा खर्च तुमच्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. फुकटचा कर तुम्ही भरणार आणि भाडं माझं वाढवणार! जमायचं नाही!"

पाव घेतानाही तो स्वतःचा नंबर सांगायचा, आणि तेव्हापासून घरासाठी खिळा घेतला तरी माझा. कर कमी झाला, तसं त्याचं भाडंही वाढवावं लागलं नाही.

गेल्या मार्चमध्ये तो वारला. त्याची खोली रंगवायची म्हणून मी त्याच्याच नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदाराने नंबर विचारला. ते आकडे सांगायचं काम इतकी वर्षं त्याचंच होतं. मी पैसे काढत म्हणाले, "राहू दे आज."

"राहू दे चालणार नाही, बाई. एव्हारिस्तो बजावून गेलाय," दुकानदार म्हणाला, आणि माझे नऊ आकडे त्याने पुन्हा न विचारता, पाठ असल्यासारखे बिलावर घातले.