माणशी एक ताट

आमच्या घरातून पहिली गेली ती लाकडी खुर्ची. मग भिंतीतलं शोकेस, मग पाहुण्यांच्या गाद्या, मग ताट-वाट्या, आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी गॅसची शेगडी. घर जसजसं मोकळं होत गेलं तसतशी मी त्यात जास्त अडकत गेले. गावाला मात्र फक्त मोकळं घर दिसत होतं.

माझा नवरा शाळामास्तर. सिंदेवाहीच्या बाजूला आमचं गाव, धानाच्या बांध्या संपल्या की जंगल. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आणि डोकं फिरलं की मीही गुरुजीच म्हणायचे. त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत ते चंद्रपूरला कसल्याशा शिबिराला गेले. साधं जगा, गरजा कमी करा, जे लागत नाही ते सोडा, असं तिथं कोणीतरी सांगितलं. माणूस गेला तेव्हा बरा होता. परत आला तो दारातूनच घरात असं पाहू लागला, जसा काही जप्तीवाला आलाय.

"माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला," ते म्हणाले. "तीन माणसं आपण. बाकीचं कायले ठेवून राह्यलो?"

घरात तीनच माणसं, हे खरं. ते, मी आणि सासूबाई. पण म्हणून काय तीनच ताटं? मी हसले. मला वाटलं, भूत आहे, आठ दिवसांत उतरेल. पण गुरुजींचा स्वभाव असा की एकदा मनात घेतलं की घेतलं. माझ्या माहेरून आलेली स्टीलची ताटं गेली, ती गेली कोणा गरजू माणसाकडे, त्याला काय नावं ठेवणार? गाद्या गेल्या आश्रमशाळेत. तिथली पोरं जमिनीवर झोपत होती. बोला आता काय बोलायचं ते.

हीच तर खरी पंचाईत होती. दारुड्या नवऱ्याशी भांडता येतं. अख्खं गाव बाईच्या बाजूनं उभं राहतं. पण नवरा चांगलं काम करतोय आणि बायको तोंड वाकडं करतेय म्हटल्यावर हावरट कोण ठरतं? मी. माझी आई भेटायला आली तेव्हा तिच्याजवळ मी एकदाचं मन मोकळं केलं. ती म्हणाली, "पीत नाई, मारत नाई, बाहेरचा नाद नाई. अजून काय पायजे तुले?" मग तो विषय मी परत काढला नाही.

ताटं गेली, गाद्या गेल्या, ते मी गिळलं. शेगडी गेली ते नाही गिळलं.

त्याला कारण होतं. बारावीला होते तेव्हाच माझं लग्न झालं. परीक्षा दिली, पास झाले, आणि पुस्तकं माळ्यावर गेली. खूप वर्षांनी मी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. गुरुजींनीच आणून दिला होता तो, हेही सांगायला पाहिजे. पहिलं वर्ष निघालं. ते कशानं निघालं? गॅसनं. भल्या पहाटे उठायचं, शेगडी पेटवायची, एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला डाळ, आणि मध्ये ओट्यावर पुस्तक उघडून ठेवायचं. सासूबाई उठेपर्यंतचा तो वेळ अख्ख्या दिवसात माझा एकटीचा होता. उरलेल्या दिवसावर सगळ्यांचा हक्क होता, कोंबड्यांचासुद्धा.

शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांची बदली चामोर्शीकडे झाली होती, त्यांच्या घरी लहान बाळ. गुरुजींनी शेगडी आणि टाकी त्यांना देऊन टाकली. मला विचारलं नाही. म्हणाले, "आपल्या दारात जंगल आहे. सरपणाची काय कमी? आपली माय चुलीवरच करत होती ना?"

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

मग चूल आली. सरपण आणा, ओलं निघालं की वाळवा, फुंकणी घेऊन फुंका. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पुस्तक चुलीपाशी नेलं तर ठिणगीची भीती, लांब ठेवलं तर दिसत नाही, आणि हात तर काळेच. धूर सरेपर्यंत सासूबाई उठलेल्या, गुरुजींची अंघोळ झालेली, दिवस सुरू. मला खोकला धरला. गुरुजी त्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा प्यायचे, आणि चुलीच्या चहाची चवच न्यारी म्हणायचे. मी खोकत खोकत त्यांचा पेला भरायचे.

इकडे गावात वाहवा. शाळेच्या प्रार्थनेत ते पोरांना सांगत, आमच्या घरात पाहा, किती कमी सामान! बाया नदीवर मला म्हणत, "गुरुजी म्हणजे देवमाणूस हो बाई." मी म्हणायचे, "हो जी." आणि कपडा दगडावर असा आपटायचे की बाया दोन हात मागे सरकायच्या.

धान निघालं आणि गावात नाटकाचा दिवस ठरला. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगते. झाडीपट्टीत ज्या गावात नाटक, त्या गावात त्या दिवशी दर घरी पाहुणे. लेकी-जावई, त्यांचे भाऊ, त्यांची पोरं, शेजारी. बोलावणं लागत नाही. दुपारी बैलबंड्या यायला लागतात, जेवण होतं, आणि मग सगळे मंडपाकडे निघतात. वर्षभर कोणाशी अबोला असला तरी त्या दिवशी दार बंद नसतं.

मी गुरुजींना आधीच म्हटलं होतं, "अजी, नाटकाचं काय करायचं? तीन ताटांत?"

"मी बाईले निरोप धाडला आहे," ते म्हणाले. बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोन कोसांवरच्या गावात दिलेली. "यंदा आमच्याकडे काही थाट नाई, सगळं साधं आहे, असं सांगितलं. समजदार आहे ती. येणार नाई."

अरे देवा! आमच्या भागात जन्म काढलेल्या माणसानं असा निरोप धाडावा? दुपारी बंडी दारात थांबली. आधी बाई उतरल्या, मग त्यांचे मालक, मग पोरं, मग बाईंच्या दोन जावा, त्यांची पोरं, आणि शेवटी एक म्हातारा, तो कोण हे मला आजतागायत समजलेलं नाही. बाई हसत हसत आत आल्या. "तूच म्हटलं ना भाऊ, यंदा साधं आहे म्हणून. मी म्हटलं, मग संकोच कायचा? सगळ्याईले घेऊन आली."

गुरुजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला हसू आलं, पण ते तिथंच विरलं. कारण हे सगळं निस्तरायचं कोणाला होतं?

ताटं मागायला मी घरोघर फिरले. कोण देणार? त्या दिवशी प्रत्येकाच्या घरी पाहुणे. एका घरी तर माझंच ताट दिसलं, माहेरचं, काठाला पोचा पडलेलं. त्यात त्यांचा जावई जेवत होता. मी ओळख न दाखवता परत फिरले. सासूबाई आणि मी पळसाची पानं घेऊन बसलो, काड्या टोचून पत्रावळी केल्या. बायांनी वांगी चिरली. आंगणात तीन दगड मांडून दुसरी चूल करायची ठरली, कारण घरातल्या एका चुलीवर एवढ्यांचा भात होणारच नव्हता. ते काम बाईंच्या मालकांनी अंगावर घेतलं. लाकडं पेटेनात. त्यांनी कागद मागितला.

घरात कागद कुठला? रद्दीसुद्धा दान झालेली. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं, कोनाड्यातून एक पुस्तक काढलं आणि म्हणाले, "हे घ्या. सुरवातीची पानं फाडा, तिची वाचून झाली आहेत."

माझं इतिहासाचं पुस्तक होतं ते. सुरवातीच्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, म्हणून त्यांना वाटलं, झालं, संपलं, लागत नाही. मी भाताचं पातेलं घेऊन येत होते. पानं पेटलेली दिसली. पातेलं खाली ठेवलं, इतकंच आठवतं. बाईंच्या मालकांच्या हातातून पुस्तक हिसकावलं आणि बोलायला लागले ते थांबलेच नाही.

"वाचून झाली? कधी झाली वाचून? त्या रेघा गॅसवरच्या आहेत! शेगडी गेल्यापासून मी एक पान वाचलं नाई, एक पान! तुमचं साधं जगणं माझ्या हातानं चालते, समजलं का? तुमी फक्त देऊन मोकळे झाले. सरपण कोण आणते? फुंकते कोण? माझ्याजवळ सगळ्या घरात एक सकाळ होती, ती पण तुमी दान केली!"

तो अनोळखी म्हातारा विडी ओढायचा थांबला. मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

गुरुजी म्हणाले, "पण तू बोललीच नाई कधी."

"बोलून काय होते? देवमाणसापुढं बोलते कोणी?"

मी शांत झाले नव्हतेच, तरी आवाज खाली आणून म्हटलं, "उद्यापासून पहाटेची चूल तुमी पेटवा. मी वाचीन. साधं जगायचं आहे ना? मग दोघं जगू."

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. गुरुजींना वाटलं, आता माय आपली बाजू घेईल. सासूबाईंनी हातातली पत्रावळ पुरी टोचली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "पेटवेल तो. त्याले येत नाई, मी शिकवीन."

भात झाला, जेवणं झाली, सगळे नाटकाला गेले. मी पण गेले. काय पाहिलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती खोकल्यानं, आणि खोकला माझा नव्हता. पाहुणे सतरंज्यांवर आडवेतिडवे झोपले होते. स्वयंपाकघरात गुरुजी चुलीसमोर उकिडवे बसले होते, फुंकणी उलटी धरून. सासूबाई दारातून सांगत होत्या, सुलटी धर, लाकूड मागं घे. धूर छतापर्यंत भरला होता. त्यांचे डोळे लाल, नाक वाहतंय, धोतराच्या सोग्याला राख.

मी फाटकं पुस्तक घेऊन दारातल्या उजेडात बसले. जळालेल्या पानांच्या पुढचं पान काढलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखर नवल वाटत होतं त्यांना.

"इतका धूर होते काय वं?" ते म्हणाले. "तुनं मले सांगितलं काऊन नाई?"

सगळा हिवाळा मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसून खोकले होते. मी पान उलटलं.