साहेबांसाठी कोच बघताना

किस्से हे जुन्या चार्जरसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण ड्रॉवर उघडला की पाच-सहा निघतातच! आमचा ड्रॉवर म्हणजे म्हैसूरहून नंजनगूडला जाणारी कंपनीची बस. मी पाटणकर, मूळचा सांगलीचा, क्वालिटीत डेप्युटी मॅनेजर. शेजारच्या सीटवर स्टोअर्सचे जाधवराव. त्यांचं घराणं चार पिढ्या म्हैसुरात, त्यामुळे मराठी बोलता बोलता ते कन्नडमध्ये कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. गेल्या वर्षी आमच्या ड्रॉवरमध्ये एकाच जातीचा माल साठला, एक्झिक्युटिव्ह कोच!

*

सुरुवात एचआरच्या दीपाच्या मेलने झाली. अधिकाऱ्यांना घडवणाऱ्या चार कोचची नावं, त्यातला आपापला एक निवडायचा. सहा महिन्यांनी कोच लिहून देणार, हा माणूस पुढच्या पदाला रेडी आहे की नाही.

हा 'रेडी' शब्द माझ्या वर्मावरचा. चार वर्षं मी डेप्युटीच आहे. दर वर्षी आमचे जनरल मॅनेजर सावंत साहेब मान तिरकी करून म्हणतात, "पाटणकर, अजून तुम्ही रेडी नाही." कशासाठी रेडी नाही, हे मात्र त्यांनी एकदाही सांगितलेलं नाही. मेल वाचला आणि वाटलं, चला, साहेबांना वळसा घालून जायची वाट सापडली!

*

निवडायच्या आधी प्रत्येक कोचबरोबर एक 'केमिस्ट्री मीटिंग'. आपलं जमतंय का ते बघायची भेट. 'बघायची भेट' म्हटल्यावर जाधवराव इस्त्रीचा शर्ट घालून बायकोला घेऊनच गेले.

"अहो, बायकोला कशाला?" मी विचारलं.

"अय्यो, आयुष्याचं ठरवायचं म्हणता, आणि तिला न विचारता?"

कोचने विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" जाधवराव छताकडे बघायला लागले. वहिनींनी उत्तर दिलं, "कुठे म्हणजे? इल्लेच, इथेच! कुवेंपुनगरात घर बांधलंय, ते टाकून कुठे जातात?"

कोचने पुढचे सगळे प्रश्न वहिनींनाच विचारले. निघताना म्हणाला, "यांना कोचची गरज नाही, यांच्याकडे आहे."

*

माझ्या वाट्याला आधी एक रिटायर्ड डायरेक्टर आले. तासभर त्यांनी स्वतःची कारकीर्द सांगितली. सिंगापूरपर्यंत पोचलो तेव्हा वेळ संपली. त्यांनी माझा हात हातात घेऊन फीडबॅक दिला, "पाटणकर, तुमचा एकच प्रॉब्लेम आहे. तुम्ही मोकळेपणाने बोलत नाही!"

*

दुसऱ्या एक मॅडम होत्या. पिकलेले केस, हँडलूमची साडी, शांत चेहरा. त्यांची पद्धत साधी. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा बोलेपर्यंत बसायचं.

मला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" आणि गप्प. मी पंखा बघितला, पाणी प्यायलो, पंखा परत बघितला. चौथ्या मिनिटाला माझ्या तोंडून निघालं, "सावंत साहेब दुसरीकडे कुठेतरी जावेत!"

मॅडमनी मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं.

जाधवरावांना त्यांनी तोच प्रश्न विचारला. चाळीस मिनिटं दोघंही गप्प. बाहेर येऊन जाधवराव म्हणाले, "चांगल्या आहेत हो. सुम्ने, उगी बसू देतात. डोळा लागला माझा."

*

मी क्वालिटीचा माणूस, तपासल्याशिवाय माल उचलत नाही. मॅडमच्या तीन जुन्या क्लायंटना फोन लावले. पहिला कूर्गला होमस्टे चालवत होता. दुसऱ्याने मधमाश्या पाळल्या होत्या. तिसरा म्हैसुरातच, गोकुळममध्ये परदेशी पाहुण्यांना योगासनं शिकवत होता. तिघेही भलतेच सुखात! तिघांनीही नोकरी सोडलेली!

"मॅडमनी सोडायला सांगितली?"

"छे हो. त्यांनी फक्त विचारलं आणि गप्प बसल्या."

माझी मुलगी नववीत आहे. मी मॅडमच्या नावावर काट मारली आणि सिंगापूरवाल्यांना होकार कळवला. ऐकून घ्यायची सवय आपल्याला आहेच.

त्याच दुपारी सावंत साहेबांनी बोलावलं. "पाटणकर, वरून मलाही कोच घ्यायला सांगितलंय. मला वेळ नाही. तुम्ही तपास केलाय म्हणे. चांगला कोण, ते लिहून द्या."

कँटीनमध्ये जाधवरावांपुढे कोरा कागद ठेवला. त्यांनी सांबाराची वाटीसुद्धा खाली ठेवली नाही. "मॅडम! बेरे योचनेच नको, दुसरा विचारच नको!"

मी लिहिलं, 'यांचे सर्व जुने क्लायंट अत्यंत समाधानी आहेत.' यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा!

*

तिसऱ्या महिन्यात साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. चौथ्यात त्यांनी बसच्या ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही मनातून खूश आहात का?" बसमध्ये पैजा लागल्या. निम्मे होमस्टेवर, निम्मे मधमाश्यांवर.

सहाव्या महिन्यात साहेबांनी जनरल मॅनेजरचं पद सोडलं! आम्ही त्यांना म्हैसुरी पेटा घातला, चंदनाचा हार घातला. साहेबांनी मला मिठी मारली. "तुमच्यामुळे मला माझी वाट सापडली, पाटणकर." खरं सांगतो, मला भरून आलं. आणि थोडी लाजही वाटली.

*

महिन्याभराने दीपाचा मेल आला. बाहेरचे कोच बंद. त्यांचे रिपोर्टही रद्द. यापुढे आपल्या माणसांना जवळून ओळखणारा, नुकताच सर्टिफाइड झालेला, कंपनीचा स्वतःचा कोच. निवडायला एकच नाव होतं.

कँटीनमागची छोटी खोली. दोन खुर्च्या, मधे पाण्याचा तांब्या. सावंत साहेब मला बघून प्रसन्न हसले. मांडीवर नवी वही होती.

"घाबरू नका, पाटणकर. इथे बोललेलं या चार भिंतींबाहेर जात नाही. मला फक्त शेवटी 'रेडी' किंवा 'नॉट रेडी' एवढंच लिहायचंय."

मी मान डोलावली.

"मग सांगा. माझ्यासाठी तुम्ही त्याच मॅडम का निवडल्यात?"

आणि साहेब गप्प बसले.