खुदेजाच्या अंगणातली माती

ओमानमधल्या सूर शहरात पाइपलाइनचे फिटर ढिगाने सापडतील, पण वाळूखाली गडप झालेलं व्हॉल्व्हचं झाकण शोधावं तर ते तानाजीनेच! गुहागरकडचा गडी, अंगाने काडी, पण कान असा तिखट की विचारू नका. कंपनीने २०१४ साली त्याच्या हाती धातू हुडकायचं यंत्र दिलं आणि गडी हरखलाच. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. लोखंड आलं की यंत्र घरघरायचं, चांदी आली की बारीक सूर लावायचं.

शुक्रवारी सुट्टीला तो अर्बाबला, म्हणजे मालकाला, विचारून तेच यंत्र घेऊन गलबतं बांधायच्या जुन्या किनाऱ्यावर जायचा. कधी काळा पडलेला बैसा, म्हणजे तिकडचा पैसा मिळायचा, कधी चक्क आपल्याकडचा पाव आणा! मिळालेलं नाणं अर्बाबच्या हातावर ठेवायचा, अर्बाब ते सरकारी कचेरीत पोचवायचा. खोलीवरचा, त्याच्याच गावचा गजेंद्र फिदीफिदी हसायचा, "तान्या, लोक सुट्टीत झोपतात आणि तू उकिरडे फुंकतोस!"

हसायला काय जातं? तानाजीच्या कपाळी चार वर्षं चोरीचा डाग होता. त्यात गजेंद्रचाही हातभार होता बरं.

झालं होतं असं. २०१०च्या जूनमध्ये फेट वादळ आलं तेव्हा किनाऱ्यालगतची घरं रिकामी केली. खुदेजा म्हणून एक म्हातारी तिथे एकटी राहायची. तिने आईची चांदी, जाडजूड कडी आणि गळ्यातला हार, दूधपावडरच्या डब्यात भरली, डबा विहिरीशेजारी हातभर खोल पुरला आणि ती लेकीकडे गेली. आठवड्याने परतली तर अंगणातून नवी पाइपलाइन गेलेली आणि डबा गायब. आता अंगणात तीन दिवस कुदळ कोणी मारली? तानाजीने. मग चोर कोण? तानाजी! पोलिसांत काही ती गेली नाही, पण गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटली. गजेंद्रच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! त्याने फोनवर बायकोला सांगितलं, बायकोने गावाला. तानाजीची बायको सुगंधा गिरणीवर दळण घेऊन गेली की बायका विचारायच्या, "काय गं, ओमानची चांदी कधी दाखवतेस?" सुगंधा दळण घ्यायची आणि घरी यायची. नवऱ्याला तिने एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच तानाजीला जास्त लागायचं.

यंत्र हाती आलं त्याच वर्षी खुदेजाच्या नातीचं लग्न ठरलं. आईची चांदी नातीच्या अंगावर दिसणार नाही म्हणून म्हातारी पुन्हा गल्लीत रडली. तानाजीच्या कानावर ते आलं आणि अर्बाबची परवानगी घेऊन तो यंत्रासकट तिच्या दारात उभा राहिला.

"आता काय उरलंय ते न्यायला आलास?" खुदेजा कडाडली. तिला हिंदी छान यायची, आणि हिंदीतल्या शिव्या त्याहून छान.

"न्यायला नाही अम्मा, शोधायला आलोय. तुमच्यासमोर शोधतो."

म्हातारीने अंगणात खुर्ची टाकली, काठी मांडीवर घेतली आणि डोळे त्याच्या हातावर रोखून बसली. तानाजीने विहिरीभोवतीची वीत न वीत पालथी घातली. खिळे निघाले, बिजागरी निघाली. चांदी नाही. "खलास?" खुदेजाने विचारलं. बिचाऱ्याला घाम फुटला. आज हात हलवत बाहेर पडलो तर जन्माचा चोर!

तो पाइपसाठी खणलेल्या चराच्या जागेशी उकिडवा बसला. मूठभर माती उचलली. पांढरी, चाळलेली, स्वच्छ वाळू. आणि एकदम उडालाच! अरे, पाइप टाकला की त्याच्याभोवती बाहेरून आणलेली स्वच्छ वाळू भरतात. निघालेला चिखल-दगड परत चरात टाकत नाहीत. मग तो चिखल गेला कुठे? अंगणाबाहेर, शेळ्यांच्या गोठ्यातला खड्डा बुजवायला! आणि तिकडे घमेली ओतली कोणी? त्यानेच की!

गोठ्यात यंत्र नुसतं घरघरत होतं. तारा, पत्रे, वादळाने आणलेलं भंगार. तानाजी बारीक सुराची वाट बघत दोन चकरा मारून आला. तिसऱ्या चकरेला त्याने कपाळावर हात मारला. चांदी डब्यात, आणि डबा पत्र्याचा! मग जिथे घरघर तिथे खणत सुटला. शेळ्या बोंबलल्या, म्हातारी त्याहून जोरात बोंबलली. अकराव्या खड्ड्यात, कोपरभर खाली, गंजून चेपलेला डबा निघाला.

त्याने झाकणाला हात लावला नाही. डबा तसाच खुदेजाच्या मांडीवर ठेवला. तिने काठीने झाकण उचकटलं, आत आईची कडी बघितली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आता गप्प बसावं ना? पण तानाजीला राहवेना. "अम्मा, डबा माझ्याच घमेल्यातून इथे आला. चिखलात दिसला नाही मला."

खुदेजाने डोळे पुसले आणि अशी ताडकन उठली की खुर्ची उलटली. त्याचं मनगट धरून तिने त्याला गल्लीत ओढलं आणि कधी अरबीत, कधी हिंदीत हाका मारून घर न घर बाहेर काढलं. "चार वर्षं मी याला चोर म्हणाले! ऐकलंत ना सगळ्यांनी? मग आता हेही ऐका. चूक माझी आहे, आणि हा माणूस खरा आहे!" गजेंद्रही तमाशा बघायला आला होता. तो हळूच मागे सरकला.

"तुझ्या गावी कोणाकोणाला कळलं होतं?" खुदेजाने विचारलं.

"सगळ्यांना."

"बायकोला लाव फोन."

तानाजीने लावला. म्हातारीने तो हातातून हिसकावला, स्पीकर चालू करायला लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बेटी, तुझ्या नवऱ्याने चोरी केलेली नाही!"

पलीकडून सुगंधा मोडक्यातोडक्या हिंदीत, पण ठणठणीत आवाजात म्हणाली, "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला कळायलाच चार वर्षं लागली!"